कुंपणापर्यंत

पावणेसहाला त्सिरी सरडा घेऊन येतो.
पेरूच्या काटकीवर बसवलेला,
काठोकाठ भरलेली वाटी आणावी तसा, जपून.
लॉजच्या कुंपणाशी, तिसऱ्या खांबाजवळ
काटकी टेकवतो, तो उतरेपर्यंत थांबतो
(सरडा घाई करत नाही, त्याला शाळा नाही)
आणि दप्तर सावरत पळत सुटतो.

साडेसहाला मी पाहुण्यांना घेऊन निघते
आणि तिसऱ्या खांबापाशी एकदम दचकते.
बारा वर्षं दचकतेय.
आता माझं मलाच खरं वाटतं.

"हळू. हलू नका. तिथे."
बोट दाखवते ते वाकडं, पेरातून मुडपलेलं.
ताठ बोट रोखायचं नाही आमच्याकडे,
थडग्यांवर तर नाहीच;
आणि या डोंगरात कुठे कोण निजलंय
हे सगळं कुणाला ठाऊक आहे?
पाहुणे हसतात, आपलीही बोटं मुडपून बघतात.
दुसऱ्या दिवशी विसरतात.

त्यांच्याकडे यादी असते.
इंद्रींची हाक. धबधबा. टॉर्च घेऊन रात्रीची फेरी.
मग पश्चिमेला सुऱ्यांसारखे उभे दगड,
सूर्य बुडताना बाओबाब,
पूर्वेच्या बेटापाशी देवमासे, दिसले तर.
अकरा दिवसांत अख्खा देश,
त्यातले दोन रस्त्यातल्या खड्ड्यांचे.
मी बाओबाब पाहिलेला नाही.
म्हणजे पाहिलाय, लोकांच्या फोनमध्ये,
दर वेळी कुणीतरी वेगळंच त्याच्यापुढे उभं.

रानात शिरलो की बडबड आपोआप विरते.
मग वरून ती हाक येते,
लांबलचक, ओली, शेवटी खाली घसरणारी.
"बाबाकुतु," मी सांगते, "म्हणजे कुतुचा बाप.
बाप रानात गेला आणि झाडावरच राहिला."
का राहिला, ते गावागणिक बदलतं.
त्सिरीचा बाप नीलम खणायला दक्षिणेला गेला.
ही गोष्ट मी फेरीत सांगत नाही.

मागच्या महिन्यात एक पोलिश बाई आली होती,
ग्राझिना, गुडघ्याला पट्टा, झोपेशी वाकडं.
तिला म्हणे चार वाजताच जाग यायची.
स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून
खरवडीत उकळलेलं भाताचं पाणी फुंकून फुंकून प्यायची,
आणि तिसऱ्या दिवशी
पावणेसहाला तिने त्सिरीला पाहिलं.
त्सिरीनेही तिला पाहिलं.
मी खिडकीतून दोघांना.

झालं, म्हटलं. आता ही सगळ्यांना सांगणार.
पण ती उठली, लंगडत गेली,
आणि त्याने तिच्या हाती काटकी दिली.
सरड्याचा एक डोळा तिच्याकडे,
दुसरा माझ्या खिडकीकडे.

साडेसहाला निघालो. पहिला खांब. दुसरा.
मी दचकायला श्वास घेतला, तेवढ्यात
मागून तीच किंचाळली आपल्या भाषेत,
छातीवर एक हात, आणि दुसऱ्याचं बोट
वाकडं, नीट पेरातून मुडपलेलं.
सगळे धावले. कॅमेरे निघाले.
माझ्यापेक्षा छान दचकली.

बक्षिशी तिने माझ्या हातात दिली नाही,
कुंपणाच्या खांबाखाली दगडाने दाबून ठेवली,
जिथे ती फक्त शाळकरी हाताला सापडेल.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, म्हणतात.
आमची तरी कुठे पुढे आहे?
पण काल फोन वाजला: ग्राझिनाचा फोटो.
बाओबाब. पुढे कुणीच उभं नाही.
नुसतं झाड, आणि त्याच्यामागे मावळतीचं आभाळ.

त्सिरीने दोन बोटांनी तो मोठा केला,
फांद्या सोडून खोड, खोड सोडून साल,
शेवटी नुसते राखी ठिपके उरले.
बराच वेळ बघत होता.
"इथे एक असणार," म्हणाला,
"बसवलेला नाही. आपला आपण."